जर्क चिकन खाल्लंय का कुणी? खरं, लाकडावरचं

बर्फातला_बाळ्या (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी, बरेच दिवस वाचनमात्र होतो. आज लिहायला बसलोय कारण परवा इथल्या एका मराठी गेट-टुगेदरला जमैकाचं "जर्क चिकन" म्हणून जे ताटात आलं ते तंदुरी मसाल्यातलं ओव्हनचं चिकन होतं, वरून बाटलीतला सॉस ओतलेला, आणि वहिनी इतक्या कौतुकानं वाढत होत्या की तिथं तोंड उघडता आलं नाही. म्हणून इथं उघडतोय.

मी टोरांटोजवळ राहतो, अकरा वर्षं झाली. इथं जमैकन लोक भरपूर, एग्लिंटन वेस्टच्या एका पट्ट्याला तर लिटल जमैकाच म्हणतात. माझा साइटवरचा फोरमन जमैकाच्या पोर्टलंड परगण्यातला. दोन वर्षांपूर्वी तो सुट्टीला गावी निघाला तेव्हा मीही त्याच्या मागं लागून गेलो. तोवर मी जर्क म्हणजे मसाला समजत होतो, वॉकर्सवुडची नाहीतर ग्रेसची बरणी आणायची, चोपडायचं, भाजायचं, संपलं. (बरणी वाईट नाही हां, घरात अजून असते.)

तर पोर्ट अँटोनियोच्या पूर्वेला बॉस्टन बे म्हणून समुद्रकाठ आहे, जर्क विकणाऱ्यांची सगळ्यात जुनी ओळखीची जागा. रस्त्याकडेला पत्र्याच्या शेडी. आत कमरेएवढा ओटा, त्यात निखारे, आणि निखाऱ्यांवर मनगटाएवढी जाड हिरवी ओली लाकडं एकाला एक चिकटून मांडलेली. चिकन थेट त्या लाकडांवर, आणि वर झाकण म्हणून छपराचा पत्रा. लाकडांच्या कापलेल्या टोकांतून पांढरा फेस येत होता आणि तो निखाऱ्यावर पडला की चुर्र. वास लवंग-दालचिनीचा, म्हणजे मला वाटलं मसाला जळतोय, तर फोरमन म्हणाला मसाला नाही, लाकूड आहे ते. पिमेंटोचं लाकूड. पिमेंटो म्हणजे आपण ज्याला ऑलस्पाइस म्हणतो त्याचं झाड, त्याचे वाळवलेले दाणे मसाल्यात आणि त्याच झाडाचं लाकूड खाली.

मग माणसानं पत्रा उचलला, एक अख्खं चिकन ओंडक्यावर टाकलं आणि सुऱ्यानं खाट खाट खाट, हाडासकट तुकडे, कागदात गुंडाळून हातात. बाहेरून काळंकुट्ट, म्हटलं जळलंय. हाडाजवळ गुलाबी, म्हटलं कच्चंय. फोरमन हसला, धुराचा रंग आहे म्हणाला, खा. सोबत फेस्टिव्हल नावाची मक्याच्या पिठाची गोडसर तळलेली लांबोडी. पहिल्या घासाला गोड-आंबट, मग धूर, आणि तिखट एकदम शेवटी येतं, मागून टपली मारल्यासारखं. मी तिथंच उकिडवा बसून नाक पुसत अर्धं चिकन संपवलं.

माझं म्हणणं एवढंच, की बिनलाकडाचं जर्क म्हणजे बिनतुपाची पुरणपोळी. पोट भरतं. मारा आता काय मारायचं ते.

---

चकलीचा_सोऱ्या

तोंपासु (तोंडाला पाणी सुटलं)!! पाकृ (पाककृती) द्या आधी, भांडण नंतर.

---

ऑरेंजसिटी_राजा

राजेहो, वर्णन झकास पण मला सांगा तिखट तिखट म्हणून राहिले तर सावजीपेक्षा तिखट हाय का? कारण परदेशात "स्पायशी" म्हणून जे देतात ते आमच्याकडे बाळंतिणीला चालते.

---

बर्फातला_बाळ्या

@राजा, तुलना जमणार नाही भाऊ. सावजीचं तिखट रश्श्यातलं, मिरी-मसाल्याचं, पोटात उतरणारं. इथं स्कॉच बॉनेट मिरची असते, पिवळी-केशरी, चपटी, बसकी टोपी घातल्यासारखी. तिखटपणा मोजायच्या स्कोविल मापात एक लाखाच्या पुढंच, साडेतीन लाखांपर्यंत जाते. पण नुसती जाळत नाही ती, तिला वास आहे, पिकल्या फळासारखा. पहिल्यांदा घरी आणली तेव्हा उघड्या हातानं चिरली, साबणानं हात धुतले, तासाभरानं डोळ्यातली लेन्स काढायला गेलो. पुढचं लिहीत नाही. बायकोनं दुधाच्या घड्या ठेवल्या आणि वर "अजून चिर" म्हणाली.

पाकृ देतो रात्री.

---

अण्णा_७१

जमैका म्हटल्यावर आमच्या पिढीला चिकन नाही, सबिना पार्क आठवतं. १९७१ ला दिलीप सरदेसाईनं तिथं २१२ काढले, रेडिओला कान लावून बसलो होतो. आणि १९७६ ला त्याच मैदानावर वेस्ट इंडिजच्या होल्डिंगनं आपल्या लोकांना असं भाजलं की दुसऱ्या डावात पाच जण जखमी म्हणून खेळायलाच आले नाहीत, ९७ ला डाव संपला. ते खरं जर्क. अवांतराबद्दल माफी.

---

फेणीवाला_मडगांव

अण्णा, सरदेसाई आमच्या मडगांवचे हां, तेवढं लिहायचं राहिलं तुमचं :)

बाळ्या, वाचताना मला आमचं काफ्रियाल आठवलं. तेही आफ्रिकेहून, मोझांबिककडून पोर्तुगिजांबरोबर आलेलं, हिरवी मिरची, कोथिंबीर, आलं-लसूण, विनेगर, मिरी, लवंग-दालचिनी लावून ठेवायचं आणि भाजायचं नाहीतर तव्यावर परतायचं. आफ्रिकन माणसं समुद्रापार नेली ती जिथं जिथं उतरली तिथं मसाला लावून भाजलेलं मांस दिसतं. तुमच्या जर्कचा धागा पण तोच ना?

---

बर्फातला_बाळ्या

@फेणीवाला, अर्धा धागा तोच. अर्धा तिथलाच आहे, आणि तो भाग जास्त भारी आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो.

जमैकात मूळचे लोक टाइनो. मांस लाकडाच्या मांडवावर मंद धुरात सुकवायची पद्धत त्यांची. मग स्पॅनिश आले, त्यांनी आफ्रिकेतून गुलाम आणले. १६५५ ला इंग्रजांनी बेट घेतलं, त्या गडबडीत बरेच गुलाम निसटून डोंगरात गेले, पुढंही उसाच्या मळ्यांतून पळून जाऊन मिळत राहिले. त्यांना मरून म्हणतात, म-रू-न. ब्लू माउंटन आणि जॉन क्रो डोंगरांची ती जंगलं म्हणजे आपल्या सह्याद्रीतल्या एखाद्या खोऱ्यासारखी, वाट माहीत नसेल तर गेलेला माणूस गेलाच. तिथून त्यांनी इंग्रजी पलटणींशी गनिमी काव्यानं लढाया केल्या, इतक्या की १७३९ ला इंग्रजांना मुकाट तह करावा लागला. त्यांची एक पुढारीण नॅनी, ती आज जमैकाच्या ५०० डॉलरच्या नोटेवर आहे, लोक नोटेलाच "नॅनी" म्हणतात.

तर या लोकांनी काय खायचं? रानडुकरं. मारायची, हाडं काढायची, मीठ, पिमेंटो आणि तिथल्या मिरच्या भरायच्या, खड्ड्यात नाहीतर मांडवावर मंद भाजायचं, म्हणजे टिकतं आणि पाठीवर टाकून पळता येतं. म्हणजे जर्क मुळात डुकराचं, चिकन फार मागाहून आलं. शब्द स्पॅनिश चार्कीवरून, तो पेरू देशाकडच्या केचुआ भाषेतला, अर्थ वाळवलेलं मांस.

फोरमनचं म्हणणं असं की खड्डा करून वर पानं-माती झाकायचे ते धूर वर दिसू नये म्हणून, धूर दिसला की पलटण आली.

---

शंकासुर

एक शंका. धूर दिसू नये म्हणून खड्डा आणि धूर हीच चव, दोन्ही एकदम कसं? मला ही गोष्ट नंतर रचलेली वाटते, टुरिस्टांना सांगायला. प्रत्येक पदार्थामागं लढाई असलीच पाहिजे असा नियम झालाय हल्ली.

---

बर्फातला_बाळ्या

@शंकासुर, आलात का, वाटच बघत होतो. अहो झाकलं म्हणूनच धूर आत राहतो ना, बाहेर जायला फट नाही म्हटल्यावर तो मांसातच मुरणार. पोपटी कधी केलीत का? मडकं उपडं घालून वर जाळ करतात, आतल्या भांबुर्ड्याचा वास कुठं जातो? वालाच्या शेंगांत आणि चिकनमध्येच जातो. आता प्रत्येक खड्डा पलटणीला चुकवायलाच खणला असेल असं मीही म्हणत नाही, पण लपून राहणाऱ्यांनी धूर जपून केला असणार एवढं मानायला काय हरकत आहे.

---

शंकासुर

पोपटीचा मुद्दा मान्य. बाकी राखून ठेवतो.

---

बर्फातला_बाळ्या

पाकृ, फोरमनच्या आईनं सांगितली तशी. त्यांनी काहीही मोजून सांगितलं नाही, आकडे मी घरी करून बसवलेत.

दीड किलो चिकन, कातडीसकट, मोठे तुकडे, खोल चिरा. (कातडी काढून करणार असाल तर मला सांगू नका.) दोन मोठे चमचे ऑलस्पाइसचे दाणे किंचित गरम करून भरड कुटायचे, तयार पावडर शक्यतो नको. पातीचा कांदा सहा-सात काड्या, पातीसकट. लसूण सहा पाकळ्या, आलं दोन इंच, थाइमच्या बारा-पंधरा काड्यांची पानं, स्कॉच बॉनेट दोन, पाव जायफळ किसून, दालचिनी अगदी थोडी, मिरी एक चमचा, दोन चमचे गूळ (ते ब्राउन शुगर घालतात), दोन लिंबं, तीन चमचे सोया सॉस, मीठ हात आखडता घेऊन कारण सोया आहे. सोया हा अलीकडचा पाहुणा, पण आता बहुतेक सगळेच घालतात. जाडसर वाटायचं, गंध नको. चिरांत बोटानं भरायचं आणि रात्रभर ठेवायचं, चोवीस तास झाले तर सोन्याहून पिवळं.

भाजताना आच मंद, झाकण बंद, तास-सव्वा तास. शहरांत तेलाचं पिंप उभं चिरून बिजागरी लावतात, त्याला ड्रम पॅन म्हणतात, किंग्स्टनला संध्याकाळी रस्त्यांवर असेच ड्रम धुमसत असतात. जाळावर करपवून पंधरा मिनिटांत उतरवलं तर ते बार्बेक्यू झालं, जर्क नाही.

पिमेंटोचं लाकूड मिळत नसेल तर मूठभर ऑलस्पाइस आणि दहा-बारा तमालपत्रं पाण्यात भिजवून निखाऱ्यावर टाकायची. साठ टक्के काम होतं. मी हा प्रयोग बाल्कनीत केला होता, बिल्डिंगचा फायर अलार्म वाजून चौदा मजले खाली उतरले, त्यामुळं आता मित्राच्या बॅकयार्डात करतो.

---

चकलीचा_सोऱ्या

आज पुण्यात मसाल्याच्या दुकानात ऑलस्पाइस मागितलं तर त्यांनी "कबाबचिनी म्हणा की" म्हणून पुडी दिली. आणली, पण वास तसा नाही, कापरासारखा कडवट लागतोय. दाण्यांना बारीक देठ आहेत. फसले का?

---

बर्फातला_बाळ्या

@सोऱ्याताई, शेपटीवाला दाणा म्हणजे कंकोळ. कबाबचिनी हे खरं त्याचंच नाव, मिरीच्या कुळातला तो. पण आपल्याकडं कितीतरी दुकानांत ऑलस्पाइससुद्धा कबाबचिनी म्हणूनच विकतात, म्हणून हा घोळ. ऑलस्पाइस मिरीपेक्षा जरा मोठा, तपकिरी, गोल, शेपटी नाही, हलवला की आत बी खुळखुळतं. मुळात नावाचा गोंधळ स्पॅनिश लोकांपासूनच आहे, त्यांनी हे दाणे बघून मिरीच समजून पिमिएंता म्हटलं, त्याचंच पिमेंटो झालं.

---

लाल_माती

मी लांज्याचा, बागायतदार. धागा वाचून उठून बागेत जाऊन आलो. दहा-बारा वर्षांपूर्वी नर्सरीतून "ऑलस्पाइस, सगळ्या मसाल्यांचा वास" म्हणून एक रोप आणलं होतं, नारळात लावलं. आता चांगलं दोन पुरुष उंच झालंय, खोड पेरूसारखं गुळगुळीत, साल सुटते. पानं आम्ही पुलावात, मटणात घालतो, भन्नाट वास. पण फळ म्हणाल तर आजपर्यंत एक दाणा नाही, फुलं येतात आणि झडतात. घरचे तोडा म्हणतात. यालाच जर्कचं लाकूड म्हणायचं का?

---

बर्फातला_बाळ्या

अहो लाल माती, तोडू नका!!! हेच ते. मी इथं मूठभर चिपा डॉलर मोजून मागवतो आणि तुम्ही झाड तोडायला निघालात.

---

देठ_पान_फूल

वनस्पतीवाली आहे म्हणून मध्ये बोलते. पिमेंटोत झाडं नर-मादी असल्यासारखी वागतात, फुलं दिसायला सारखीच, पण काही झाडं फळं धरतच नाहीत. तुमचं नर असणार, किंवा मादी असून जोडीला कुणी नाही. एकट्या झाडाकडून दाण्याची आशा नको. कूळ जांभूळ, पेरू आणि लवंगेचं, म्हणून साल पेरूसारखी आणि वास लवंगेचा, लवंगेला वास देणारं युजेनॉल यातही भरपूर आहे. ज्यांच्याकडं पिमेंटो नाही त्यांनी पेरूची छाटलेली ओली फांदी वापरून बघा, वास तो नाही येणार पण धूर गोडसर असतो.

आणि थाइमचं सांगायचं राहिलं. कॅरिबियन बेटांवर रुंद पानाचा थाइम म्हणून जी जाड लुसलुशीत पानं वापरतात तो आपला पानओवा. जर्कमध्ये मुख्य बारीक पानाचाच लागतो, पण कुंडीत पानओवा असेल तर दोन पानं टाकायला हरकत नाही.

---

ब्रिक्स्टनची_बकुळा

लंडनहून +१. आमच्याकडं ऑगस्टअखेर नॉटिंग हिल कार्निव्हलला रस्ताभर ड्रम लागलेले असतात, घरी आल्यावर ओढणीपासून केसांपर्यंत सगळं जर्क. २०१८ ला इथं जेमी ऑलिव्हरनं "जर्क राइस" म्हणून पाकीट काढलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, एका जमैकन वंशाच्या खासदार बाईंनी त्याला जाहीर विचारलं होतं की जर्क म्हणजे काय ते तरी माहितेय का. बाळ्याची वहिनी वाचली म्हणायची.

बाय द वे जमैकन हॉटेलात मटण करी असते, करी गोट, ती आपल्याच लोकांची. १८४५ च्या १० मेला पहिलं गिरमिटियांचं जहाज तिथं लागलं, बहुतेक युपी-बिहारकडचे.

---

मी_शाकाहारीच

चिकनच्या धाग्यावर यायचं धाडस करतेय. पनीर किंवा सुरण चालेल का?

---

बर्फातला_बाळ्या

@शाकाहारी, बिनधास्त या, तिथले रास्ताफारी पंथाचे लोक डुक्कर तोंडाला लावत नाहीत आणि कित्येक जण मांसच खात नाहीत. पनीरवर धूर टिकत नाही, सुरण चालेल आधी अर्धवट वाफवून. पण खरी गंमत ब्रेडफ्रूटची. आपलं नीरफणस हो! जर्कच्या शेजारी तो अख्खा निखाऱ्यात घालून भाजतात, साल काळी ठिक्कर होईस्तोवर, मग सोलून फोडी. तो तिथं नेला कॅप्टन ब्लायनं, १७९३ ला, गुलामांना स्वस्त खाणं म्हणून. आधी म्हणे कुणी हात लावेना, आता त्याच्याशिवाय पान हलत नाही.

---

लाल_माती

नीरफणस दारात आहे माझ्या. आम्ही काप करतो. या रविवारी बघतोच.

---

ऑरेंजसिटी_राजा

फोटो टाकजा राजेहो, नाहीतर फेकून राहिले समजू.

---

लाल_माती

फोटो अपलोड होत नाहीयेत, रेंज नाही. रिपोर्ट लिहितो.

शनिवारी झाडाच्या दोन खालच्या फांद्या उतरवल्या, कोयतीचा पहिला घाव बसला आणि अख्ख्या बागेत वास. मनगटाएवढी बारा-तेरा लाकडं झाली. मसाला बाळ्या म्हणतो तसा, फक्त स्कॉच बॉनेट इथं कुठली, लवंगी मिरची आठ घेतली. दाणे नव्हतेच म्हणून झाडाचीच पानं पंचवीस-तीस घालून वाटली. कोंबडी गावठी.

चिऱ्याचे दोन थर रचून चूल केली, नारळाच्या करवंट्यांचे निखारे, वर लाकडं, वर कोंबडी, वर गोठ्याचा जुना पत्रा. घोटाळा पहिल्या अर्ध्या तासात झाला. करवंटीचा जाळ तेज, लाकडानं मधोमध पेट घेतला आणि दोन तंगड्या गेल्या. मग बाबांनी निखारे कडेला सारले, राख टाकली, पाणी शिंपडलं, तेव्हा कुठं धुमसायला लागलं. फेस आला हो लाकडाच्या टोकातून, चुर्र पण झालं! गावठी असल्यानं शिजायला दोन तास लागले, तोवर वाडीतली चार पोरं कुंपणाशी येऊन उभी.

चव कशी सांगू. तिखट ठीक, फळाचा वास तो काही नाही, लवंगी नुसती जाळते. पण धूर आहा. हाडापर्यंत लवंग. आई मांसाहार करत नाही, तिला नीरफणस त्याच पत्र्याखाली भाजून दिला, मीठ-खोबरेल लावून तिनं अर्धा एकटीनं संपवला आणि म्हणाली की हे झाड तोडायचं नाही.

कोंबडी मात्र जरा चामट. चूक कुठं झाली?

---

बर्फातला_बाळ्या

मी इथं ऑफिसात बसून डबल रोटी खातोय आणि तुम्ही हे लिहिताय. अन्याय आहे.

गावठीला जर्क सोसत नाही, ब्रॉयलरच घ्या. गावठीच हवी तर तलंग घ्या, आणि अर्धा तास आधी मसाल्यातच मंद उकडून मग लाकडावर. निखारे पहिल्यापासून कडेलाच ठेवायचे, मध्ये नाही. मिरचीसाठी भूत जोलोकिया मिळते का बघा, स्कॉच बॉनेटच्या गोतावळ्यातली आहे, वास जवळ जाईल, पण अर्धीच हां, आणि हातमोजे घालून.

एक विचारायचं राहिलं, उरलेली लाकडं किती आहेत? मी डिसेंबरात येतोय.

---

लाल_माती

सहा आहेत, सावलीत ठेवलीयेत गोणपाटाखाली. डिसेंबरपर्यंत सुकतील, पण तुम्ही या, ताजी उतरवू. स्कॉच बॉनेटचं बी घेऊन या येताना.

---

देठ_पान_फूल

बी-बियाणं विमानातून असं आणता येत नाही हो, विमानतळावर काढून घेतील, परवानगी लागते.

---

फेणीवाला_मडगांव

लांज्याहून रत्नागिरी गाठलं की मडगांवला ट्रेन थेट असा. तारीख सांगा फक्त, विनेगर आणि बाकीचं माझ्याकडं लागलं.

---

ऑरेंजसिटी_राजा

मी दोन तंगड्या सांभाळतो. जळू देत नाही.